फेब्रुवारीचा शर्ट

“हजारो बाळंतपणं पाहिलीत तुम्ही, मांकाचे बाबा. माझं मात्र एकही नाही.”

आइकाएलीचं हे वाक्य घरात इतकं जुनं झालं होतं की पोरं लहानपणी त्याची नक्कल करायची. ती ते रागाने म्हणत नसे. कच्ची केळी सोलताना, गाईपुढे चारा टाकताना, चार माणसांत हसत हसत म्हणायची, आणि एलिसारिया दर वेळी मान खाली घालून हसायचा. करणार काय? खोटं थोडंच होतं ते! उभा जन्म त्याने परदेशी पाहुण्यांना गाडीत घालून सेरेंगेटीत फिरवलं. आणि पाहुण्यांना हवा असायचा फेब्रुवारी. त्या महिन्यात न्युंबूंचे कळप न्दुतूच्या माळावर विणायला उतरतात. न्युंबू म्हणजे तोंड घोड्याचं, शिंगं म्हशीची, दाढी बोकडाची; देवाकडे उरलंसुरलं होतं त्यातून उरकलेलं काम. पण त्याचं पिल्लू जमिनीवर पडलं की चहा निवायच्या आत उभं राहतं आणि आईमागे धावायला लागतं. ते बघायला लोक समुद्र ओलांडून येत.

थोरली मांका अशाच एका फेब्रुवारीत झाली. किलिमांजारोच्या उतारावरच्या त्या घरात आइकाएली होती, एक शेजारीण होती आणि कंदील होता. एलिसारिया माळावर पाहुण्यांना दुर्बीण देत होता. पंधरवड्याने घरी आला तो तसाच आत शिरला आणि त्याने लेकीला उचललं. शर्टाला कच्च्या दुधाचा, लेंड्यांचा, ओल्या वारेचा वास मारत होता. आइकाएली अंथरुणातून ओरडली, “त्या बायांचा वास माझ्या पोरीला लावू नका!” तेव्हापासून फेब्रुवारीचे शर्ट घरात आले नाहीत. केळीखाली तुटक्या कडीची एक वेगळी बादली होती, तिच्यात राख घालून ते दोन-दोन दिवस भिजायचे. “सवतीचे कपडे,” ती म्हणायची. इतर कपड्यांत तिने ते कधी मिसळले नाहीत.

एलिसारिया निवृत्त झाला आणि पाठोपाठ आइकाएलीच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. डोंगराखालच्या मोशी शहरातल्या डॉक्टरने सांगितलं की कडेकडेने अंधार येत जाणार. थेंब घालून त्याची चाल मंद करता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. ती घरी येऊन चुलीपाशी बसली. रडली नाही. लाकूड आत सारत म्हणाली, “मग मला ते एकदा दाखवा. पिल्लू पडतं आणि उभं राहतं म्हणता ना, ते. मी इथे कळा देत होते तेव्हा तुम्ही काय बघत होतात, ते मला बघायचंय.”

“दाखवतो,” एलिसारिया म्हणाला.

डिसेंबर आला. नाताळला त्यांच्या चाग्गा जमातीचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, डोंगरावर आपल्या घरी येतो; नाही आला तर मेला असं समजतात. घर भरलं. दार-एस-सलामहून धाकटा गॉडलिसन बायकापोरांसकट आला. मोशीच्या इस्पितळात नर्स असलेली मांका आली. अंगणात बोकड कापला होता, केळ्यांच्या दारूचे भोपळे फिरत होते. तेवढ्यात लेम्बुरिसचा फोन आला. हा लेम्बुरिस एलिसारियाच्या हाताखाली गाडी शिकला होता आणि आता स्वतः पाहुणे फिरवत होता.

“म्झे, माळ काळा झालाय!” तो फोनवर ओरडत होता. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे म्झे म्हणतात. “वुलीचा पाऊस यंदा लवकर पडला. गवत घोट्याएवढं आलंय. सगळे न्युंबू खाली उतरलेत. आईला घेऊन या, माझी गाडी मोकळी आहे!”

गॉडलिसन उठून उभाच राहिला. “चला मग! सगळे इथे आहोत, पोरांना सुट्टी आहे. पुन्हा कुठे जमणार?”

“बस खाली,” एलिसारिया म्हणाला. “आत्ता जाऊन काय बघशील? पोटुशा माद्या चरताना? तुझ्या आईला जन्म बघायचाय. जन्म फेब्रुवारीत.”

“पण बाबा, फेब्रुवारीत शाळा असते. मला रजा कोण देणार?”

“तुझ्या साहेबाला विचारून विणत नाहीत त्या.”

सगळे हसले. गॉडलिसन हट्टाला पेटला. “पण फेब्रुवारीत त्या तिथेच असतील हे तुम्हाला कसं माहीत?”

“ऐकलंत?” एलिसारियाने भोपळा खाली ठेवला. “मला कसं माहीत म्हणतो हा!”

आणि पुन्हा हशा झाला. खरंच होतं, सेरेंगेटीत केव्हा जावं हे त्याला नाही तर कुणाला माहीत असणार? किती देशांतल्या किती कुटुंबांना त्याने सांगितलं होतं: पोरं लहान असतील तर मार्च-एप्रिल टाळा, मसिकाच्या पावसात काळी माती गाडी गिळते, जुलैत पहाटे थंडी बोचते, लोकर आणा, आणि जन्म बघायचे असतील तर फेब्रुवारी. एवढं सांगून तो शेवटी एक वाक्य न चुकता जोडायचा: “पावसाने शब्द पाळला तर.” पाहुण्यांना दिलेला एकही सल्ला या वाक्याशिवाय गेला नव्हता. त्या दिवशी अंगणात मात्र ते त्याच्या तोंडून निघालं नाही. घरच्या माणसांशी कुणी इतकं सांभाळून बोलतं का?

आइकाएली तांदूळ निवडत होती. तेव्हा तिला खडा दिसत होता, नातवाच्या गालावरचा तीळ दिसत होता, ढग बाजूला झाले की किलिमांजारोचं सगळ्यांत उंच, किबोचं बर्फाळ टोकही दिसत होतं. ती म्हणाली, “आत्ता जे आहे ते बघितलं तर नाही का चालणार?”

“अर्धवट कशाला? इतकी वर्षं थांबलीस, आणखी दोन महिने थांब.”

“मी थांबेन हो. डोळे थांबतात का, ते त्यांना विचारा.”

एलिसारिया त्यावरही हसला. ते हसणं त्याला पुढे फार नडलं.

नाताळ संपला, घर रिकामं झालं आणि वुली, वर्षाअखेरचा तो छोटा पावसाळा, मध्येच तुटली. एरवी जानेवारीतही माळावर अधूनमधून सर येते, गवत जिवंत ठेवते. यंदा आभाळ कोरडं ठणठणीत. गंमत अशी की डोंगरावर रोज संध्याकाळी भुरभुर होती. एलिसारियाच्या केळीची पानं निथळत होती आणि तो ओट्यावर बसून पश्चिमेकडे बघत होता. जिथे नको तिथे पडतोय मेला, असं त्याच्या मनात यायचं आणि लगेच तो देवाची माफी मागायचा. पावसाला शिव्या देणारा शेतकरी डोंगरावर दुसरा कुणी नसेल.

लेम्बुरिसचे फोन येत होते. आधी गवत पिवळं पडल्याचा. मग पाणवठे आटल्याचा. मग एके दिवशी तो नुसता म्हणाला, “निघाले, म्झे. उत्तरेला, झाडीकडे, नदीकडे. रांगाच्या रांगा.”

“परततील. एक सर पडली की मागे फिरतात. मी पाहिलंय.”

“एक सर पडली तर ना.”

“आपण उत्तरेला गेलो तर?”

“झाडीत पांगल्यात त्या. कुठे कोण विणतंय कुणाला दिसणार? आणि आईला तर...” लेम्बुरिस थांबला. “माळावर असत्या तर आईला निदान काळं-पांढरं कळलं असतं.”

काळं-पांढरं. तेवढंच उरत चाललं होतं. आइकाएली कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवू लागली होती. माणूस अगदी पुढ्यात आला तरच तिला ओळखू यायचा. एका सकाळी ती अंगणात उभी राहून म्हणाली, “आज किबो ढगात आहे का हो?”

किबो लख्ख उघडा होता. बर्फावर ऊन पडलं होतं.

“हो,” एलिसारिया म्हणाला. “आज ढगातच आहे.” आणि तो गोठ्यात जाऊन उभा राहिला. गाडी नादुरुस्त झाली तर माणूस बॉनेट उघडतो. आभाळाचं बॉनेट कुठे असतं?

फेब्रुवारीत ते निघाले. निघायलाच हवं होतं. मार्चची वाट बघण्याइतका उजेड तिच्याजवळ नव्हता. गॉडलिसनला रजा मिळाली नाही, नातवंडांच्या शाळा होत्या. मांका तेवढी आली. आइकाएलीने नवं छापील किटेंगे नेसलं, डोक्याला त्याच कापडाचा फडका बांधला. लेम्बुरिस म्हणाला, “आई, लग्नाला निघालात की काय?”

“बाळंतिणीला भेटायला जायचं तर नीट जावं रे,” ती म्हणाली.

गोरोंगोरोच्या कड्यावर धुकं होतं. पलीकडे उतरल्यावर धूळ सुरू झाली ती संपेना. गवताची खुंटं राहिली होती, त्यांच्यावरून वावटळी फिरत होत्या. न्दुतूचं तळं आटून पांढरी खारट कड वर आली होती. दोन-चार हरणं, एक शहामृग, आणि क्षितिजापर्यंत काही नाही. पाहुण्यांच्या गाड्या केव्हाच उत्तरेला पळाल्या होत्या. लेम्बुरिसने माळ पालथा घातला. एलिसारिया छपराच्या झडपेतून दुर्बीण लावून उभा होता. आइकाएली खिडकीची काच खाली करून तोंड बाहेर काढून बसली होती, चेहऱ्यावर धुळीचा थर घेऊन.

“आलं का?” ती विचारायची.

“अजून नाही.”

एलिसारियाचा एक नियम होता, आणि तो त्याने लेम्बुरिसच्या डोक्यात ठोकून बसवला होता: डोळ्यांना दिसल्याशिवाय जनावराचं नाव तोंडातून काढायचं नाही. शिकाऊ असताना लेम्बुरिस एकदा वारुळ बघून ‘चित्ता’ म्हणून ओरडला होता, तेव्हा एलिसारियाने त्याला पाहुण्यांची एकेकाची माफी मागायला लावली होती. पाहुणा उपाशी राहिला तरी चालेल, म्हणायचा तो, खोटं खाऊ घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं. सकाळी परत निघायचं होतं. मांका बापाकडे बघत नव्हती, बाप तिच्याकडे बघत नव्हता. आइकाएलीने विचारलं, “आलं का?” आणि या वेळी तिचा आवाज इतका हळू होता, की तिला उत्तर माहीत असावं असं वाटलं.

एलिसारिया झडपेतून खाली उतरला, तिच्या शेजारी बसला. “लेम्बुरिस, गाडी थांबव,” तो म्हणाला. “त्या बघ. डाव्या हाताला.”

लेम्बुरिसने गाडी थांबवली. त्याने डावीकडे पाहिलं. मग आरशातून म्झेकडे पाहिलं.

“किती आहेत?” आइकाएलीने त्याचा हात धरला.

“पुष्कळ आहेत. सगळा माळ भरलाय.”

“मला काळं काही दिसत नाही.”

“मध्ये धूळ आहे ना. एक मादी जरा जवळ आहे. विणायला आलीये.”

हे सगळं त्याने आजवर पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं होतं, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या विनोदांसकट. आपल्या बोलीत तो पहिल्यांदाच सांगत होता आणि शब्द सापडत नव्हते. गोठ्यातल्या गाईचे शब्द त्याने उसने घेतले.

“उभी आहे की बसली?” आइकाएलीने विचारलं.

“बसली. उठली. पुन्हा बसली.”

“कळा येतायत तिला. एकटी आहे?”

“नाही. बाजूला बऱ्याच आहेत.”

“बरं आहे तिचं.”

एलिसारियाने दुर्बीण सीटवर ठेवली. तेव्हा पुढच्या सीटवरून, मागे न बघता, लेम्बुरिस म्हणाला, “पाय दिसतायत आई. पुढचे दोन.”

“मग आता वेळ नाही लागायचा,” आइकाएली म्हणाली. तिने नवऱ्याचा हात घट्ट दाबला, जणू तिलाच कळ आली होती. मांकाने दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवलं. रोज इस्पितळात बाळंतपणं करणारी ती बाई, पण तिला हे ऐकवेना.

“पडलं!” एलिसारिया म्हणाला. “ओलं आहे. चाटतेय ती. उठतंय... पडलं परत.”

“पडू दे. मांकासुद्धा पडायची.”

“उठलं. पाय फाकलेत. उभं राहिलं, मांकाची आई. उभं राहिलं.”

आइकाएलीने सुस्कारा सोडला. तिने डोळे बाहेरच्या रिकाम्या उजेडाकडे लावले. मग म्हणाली, “त्याचा बाप कुठे आहे?”

एलिसारियाने माळावर पाहिलं. एक वावटळ उठली होती, ती तळ्याकडे जाऊन विरली. “इथेच आहे,” तो म्हणाला. “तिच्याजवळच उभा आहे.”

“नशीबवान आहे बाई,” ती म्हणाली आणि हसली. परत फिरेपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

सकाळी निघताना एलिसारियाच्या एकदम लक्षात आलं: शर्टाला फेब्रुवारीचा वासच नाही. त्याने गाडी थांबवायला लावली. लघवीला जातो म्हणून तो दूर गेला, वाकून डिसेंबरच्या वाळक्या लेंड्या गोळा केल्या, कुस्करल्या आणि शर्टाच्या बाह्यांना, छातीला चोळल्या. हुंगून पाहिलं. कशाचाच वास नव्हता. वाळक्या गवताचा चुरा नुसता. त्याने थुंकी लावून पुन्हा चोळल्या. लेम्बुरिस लांबून बघत होता. तो आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चला, म्झे.” त्या वारुळाची आठवण काढून पोराने त्याला आईची माफी मागायला सांगितलं असतं, तर एलिसारिया तिथेच मोडून पडला असता. लेम्बुरिसने गाडीचं दार उघडून धरलं.

कड्यावर पोचले तेव्हा मागे माळावर आभाळ काळं झालं होतं, आणि पाऊस आला. टपोरा, माजलेला. गाडीचे वायपर पुरेनात. पंधरा-वीस दिवसांत माळ हिरवा होणार हे गाडीत तिघांना कळत होतं.

“छान वास येतोय मातीचा,” आइकाएली म्हणाली.

घरी आल्यावर तिने पाय धुतले, केळीखाली आपलं स्टूल घेऊन बसली आणि हाक मारली, “मांकाचे बाबा, शर्ट द्या तो.”

“राहू दे ना. उद्या मी धुतो.”

“आजवर कधी धुतलाय? द्या.”

मांकाने तुटक्या कडीची बादली आणून ठेवली होती, चुलीतली राखही आणली होती. शेजारी रोजच्या कपड्यांचं घमेलं होतं: उशीचे अभ्रे, मांकाचं किटेंगे, पुसायची फडकी. एलिसारियाने शर्ट काढून दिला आणि बनियनवर तिथेच उभा राहिला. जाववेना त्याला.

आइकाएलीने शर्ट दोन्ही हातांत घेतला. कॉलर चाचपली, बाह्या चाचपल्या. मग तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं.

“पिल्लू उभं राहिलं ना?” तिने विचारलं.

“राहिलं,” एलिसारिया म्हणाला.

तिने मान हलवली. हाताने चाचपत तुटक्या कडीची बादली बाजूला सारली आणि शर्ट घमेल्यात, इतर कपड्यांत घातला.

“साबण द्या इकडे,” ती म्हणाली.

एलिसारियाने साबण तिच्या हातात दिला.